माझी इच्छा राहिली, असे कावळ्यासमोर कोणी म्हणू नये

॥ श्रीहरि ॥

मी, केसरीनाथ राघो भोईर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी भातशेती आणि आजन्म हरिकीर्तन, राहणार कामतघर, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असणाऱ्याने यावे आणि पुराणातील कोणताही राजवंश मूळ पुरुषापासून विचारावा; मात्र येताना जेवून यावे, कारण मी मध्ये थांबत नाही. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. माझी पत्नी सौ. सीताबाई शेजारी बसून तांदूळ निवडीत आहे आणि अधूनमधून बोलत आहे. तिच्या बोलण्यास कायदा दाब म्हणत असेल, तर लग्नापासून मी एकही काम दाबाविना केलेले नाही.

हे मृत्युपत्र आताच का, ते सांगतो. गेल्या फाल्गुनात माझ्या छातीत कळ आली आणि मला रुग्णालयात नेले. शरपंजरी पडलेल्या पितामहांना उत्तरायणाची वाट पाहण्याची मुभा होती. मला डॉक्टरांनी तशी हमी दिली नाही. तेथे मी डोळे मिटून नामस्मरण करीत होतो. मी झोपलो आहे असे समजून माझा भाचा रामनाथ माझ्या मुलाला, चि. हरेशला, म्हणाला, "हरेश, मामा हायेत तवर पोरगी ऐकायची न्हाय. उद्या मामांचं वरखाली झालं, तर दहाव्याला तिला पिंडासमोर उभी कर. बोल, आजोबांची इच्छा राहिली. खेळ सोडते, लगीन करते, असं ती बोलल्याबिगर कावला शिवायचा न्हाय."

हरेश म्हणाला, "आन आधीच शिवला तर?"

रामनाथ म्हणाला, "मी हाय ना. हाकलीन."

ती पोरगी म्हणजे माझी नात, हरेश व सौ. दिपाली यांची ज्येष्ठ कन्या, चि. मेघाली. ती महिलांच्या फुटबॉलमध्ये आघाडीवर खेळते. राज्याच्या संघातून ती राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून आली आहे, आणि त्या स्पर्धेत सर्वांत अधिक गोल तिचे होते. माघ महिन्यात तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सध्या ती माजघरात पाय लांब करून बसते आणि गुडघा रोज थोडाथोडा वाकवायला शिकते. वर्षभराने खेळेल किंवा खेळणारही नाही, असे डॉक्टर सांगतात. या वर्षात ती पायाने अधू आणि मी आयुष्याने अधू. माझ्या मरणाचे निमित्त करून तिचा खेळ कोणी बंद पाडू नये, एवढ्यासाठी हा लेख आहे. घर, जमीन वगैरे ओघाने येते.

कलम १. कामतघर येथील माझे स्वकष्टार्जित राहते घर सौ. सीताबाई हयात असेपर्यंत तिचे राहील व तिच्या पश्चात हरेशचे होईल. घरामागील भाताचे खळे मात्र मेघालीचे. त्या खळ्याच्या भिंतीवर चेंडू आपटून आपटून तिने गिलावा पाडला. मी तो तीनदा लिंपून घेतला, नंतर लिंपणे सोडले. ती भिंत हरेशने सुशोभित करू नये.

कलम २. दापोडे येथील माझ्या शेतावर आता गोदाम उभे आहे. जेथे कोलम पिकत होता तेथे आता परगावचा साबण साठतो. त्या गोदामाच्या भाड्यापैकी अर्धे हरेशला व अर्धे मेघालीला द्यावे. मेघालीचा वाटा ती विवाहित असो वा अविवाहित, खेळत असो वा नसो, तिलाच मिळेल. 'नसो' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

हरेशविषयी येथेच लिहितो, कारण वाचणाऱ्याने त्याला दुष्ट समजू नये. मैदानात मुलगी पडली तेव्हा तो प्रेक्षकांत होता आणि तिचे ओरडणे त्याने ऐकले आहे. अकलोलीच्या गरम कुंडात गुडघा शेकून बरा होईल म्हणून त्याने तिला पाठीवर घेऊन तीन रविवार नेले. अखेर डॉक्टरांनी त्यालाच कुंडात बसून डोके शेकायला सांगितले. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याने देवीला नवस केला, की पाय वाचव, खेळ बंद करतो. पाय वाचला. आता नवस फेडायचा म्हणून तो मुलीच्या मागे लागला आहे. यावर माझा शास्त्रार्थ असा: नवस ज्याचा, फेड त्याची. एकाने बोललेला उपवास दुसऱ्याने धरला तर पुण्य लागत नाही. तरी हरेशने आपला नवस स्वतः फेडावा आणि येथून पुढे फुटबॉल खेळू नये. तो कधीच खेळलेला नाही, त्यामुळे त्यास जड जाणार नाही.

कलम ३. माझा कॅरम बोर्ड, सोंगट्या व पावडरीच्या डब्यासह, भाचा रामनाथ यास द्यावा. त्यामागचे कारण दोन भागांत आहे.

पहिला भाग माझ्या अज्ञानाचा. मेघाली शाळेत होती तेव्हा एका संध्याकाळी धापा टाकीत आली आणि म्हणाली, "आजोबा, जिल्ह्याच्या टीममधे माझी निवड झाली. स्ट्रायकर म्हणून!"

आमच्या घरात स्ट्रायकर म्हणजे कॅरमची ती गोल सोंगटी, जिने बाकीच्या मारतात. मी पोथीतून मान वर न करता म्हणालो, "उत्तम. बसून खेळायचा खेळ आहे, मुलीच्या जातीला शोभतो. जा."

ती म्हणाली, "बसून?" आणि मी काही विचारण्याआधी पळाली.

पुढे मी तिला बरेच मार्गदर्शन केले. मनगट सैल ठेव, नेम धरताना श्वास रोख, अंगठ्याने मारू नकोस. ती म्हणे, "न्हाय आजोबा, अंगठ्यानं मारलं की बाई ओरडतात." मला तिच्या शिक्षिकेचे कौतुक वाटे. अखेर वर्तमानपत्रात छायाचित्र आले. माझी नात आडवी हवेत, एक पाय डोक्याच्या वर, चड्डी गुडघ्यापर्यंत. मी भिंग घेऊन पाहिले. चित्रात कॅरम बोर्ड कोठेही नव्हता.

त्याच दिवशी मंदिरात काल्याचे कीर्तन होते. विषय नेहमीचा: यमुनेच्या तीरी देव सवंगड्यांसह चेंडू खेळतो, चेंडू डोहात जातो, देव उडी घेतो. हा प्रसंग मी उभ्या हयातीत रंगवून सांगितला आहे आणि त्यावर आयाबायांनी डोळे पुसले आहेत. त्या दिवशी चेंडूपाशी आलो आणि जीभ अडली. देवाने केली तर लीला आणि नातीने केली तर लाज, याची संगती मला लावता येईना. मी त्या दिवशी कीर्तन लवकर आटोपले, आणि पुढच्या सामन्याला भजनी मंडळ घेऊन गेलो.

दुसरा भाग रामनाथचा. तीन वर्षांमागे त्याने मेघालीसाठी स्थळ आणले. मुलाकडच्यांचे पॉवरलूमचे कारखाने. मुलाचा बाप आमच्या ओटीवर बसला, बशीत चहा ओतला, आणि रामनाथ मुलीची थोरवी सांगू लागला. "शेठ, पोरगी साधी न्हाय. नावाजलेली स्ट्रायकर हाय. पेपरात फोटो येतात."

शेठच्या कारखान्यातील कामगारांचा संप नुकताच मिटला होता. त्यांनी बशी खाली ठेवली. "स्ट्राइक करते?"

"करते म्हंजे? पुढं तीच असते! बाकीच्या पोरी तिच्या मागं!"

"आमचे लूम आत्ता कुठं सुरू झालेत, रामनाथ. घरात लीडर आणून काय चूल बंद पाडू?"

"तसं न्हाय शेठ, ती गोलमदी मारते!"

"मारते पण?" असे म्हणून शेठ उठले ते चपला घालूनच थांबले. मेघाली आतून पडद्याआड हसत होती. नंतर मला म्हणाली, "आजोबा, दोन घोषणा तरी शिकवून ठेवा. पुढचं स्थळ आलं तर कामाला येतील."

तेव्हापासून रामनाथ गावभर सांगतो, की खेळामुळे मुलीचे लग्न मोडले. लग्न खेळामुळे मोडलेले नाही. रामनाथने एक शब्द धड समजावून न सांगितल्यामुळे मोडले. मी त्यास याबद्दल क्षमा केलेली नाही आणि मरणानंतर करण्याचा विचार नाही. त्याने म्हातारपणी या बोर्डावर बसून स्ट्रायकर या शब्दाचा निदान एक अर्थ तरी पक्का करावा.

कलम ४. माझा पखवाज नातू चि. प्रितेश यास द्यावा. मेघालीने गोल केला की आमचे मंडळ नामाचा गजर करी आणि प्रितेश पखवाजावर थाप मारी. एकदा पंच खेळ थांबवून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "काका, माझी शिट्टीच ऐकू जात नाही." मी त्यांना सांगितले की नामापुढे शिट्टीची काय कथा. त्यांनी आम्हांस मैदानाबाहेर काढले. उरलेला सामना आम्ही कुंपणाबाहेरून, परंतु त्याच तालात पाहिला.

त्याच मैदानावर झेंडा हातात धरून उभ्या असलेल्या एका गृहस्थाने मेघालीचा एक निर्विवाद गोल बाद ठरवला होता. 'ऑफसाईड' असे त्याने कारण दिले. मी त्यास मनोमन शाप दिला, व शाप देताना हातात तुळशीचे पान होते, म्हणजे तो लागण्याजोगा होता. पुढे पुष्कळ दिवसांनी मेघालीने मला तो नियम उलगडून सांगितला. "आजोबा, पंगत बसायच्या आधीच कोन पुढं जाऊन ताटावर बसला, तर तुमी वाढाल?"

मी म्हणालो, "उठवीन."

"मंग. त्यानं मला उठवलं."

सबब तो शाप मी या लेखाद्वारे मागे घेत आहे. त्या गृहस्थाचे दरम्यान काही वाईट झाले असल्यास ते त्याच्या स्वतःच्या प्रारब्धाने झाले असे समजावे.

कलम ५. आमच्या माळ्यावर एक मोठे पितळी पातेले आहे. ते माझ्या मालमत्तेत धरू नये. ते शेजारीण राहीबाई हिचे आहे व तिला परत करावे. हकीकत अशी. राहीबाईचा मासळीचा धंदा, आणि गल्लीतील फोनही तेव्हा तिच्याच घरी. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर प्रितेशने परगावाहून फोन केला आणि आनंदाने ओरडला, "काकू, आजोबांना सांग, मेघालीनं तीन गोल मारले!" घोळ हा मासा किती मौल्यवान, हे खाडीकाठच्या माणसास सांगणे नको. आमच्याकडे त्याला घोल म्हणतात आणि मासे धरण्याला मारणेच म्हणतात. राहीबाईने निरोप असा दिला, की मेघालीने तीन घोल मारले. घटकाभरात आमच्या दारात गल्ली लोटली. राहीबाई स्वतः कोयता आणि हे पातेले घेऊन पुढे. मंदिराच्या विश्वस्तांपैकीही एक जण आले आणि माळकऱ्याच्या घरी एवढी मोठी मासळी कशी, असे मला विचारू लागले.

सीताबाई उंबऱ्यात येऊन म्हणाली, "घोल न्हाय गो राहीबाय, गोल! चेंडूचा!"

"गोल तर गोल," राहीबाई म्हणाली, "माझा वाटा कुठं हाय?"

त्यावर आम्ही सर्वांना साखर वाटली. राहीबाई मात्र रागाने पातेले टाकून गेली व ते नेण्यास अजून आलेली नाही. साखरेने भरून परत करावे.

कलम ६. माझ्या तेराव्याला गावजेवण घालू नये. त्यासाठी बाजूला ठेवलेली पुंजी मेघालीच्या गुडघ्याच्या पुढील उपचारांस लावावी. 'मामांनी लोकांच्या तोंडचा घास काढला,' असे रामनाथ म्हणेल. त्यास डबा पोहोचवावा.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझी सून सौ. दिपाली हिची नेमणूक करतो. आपल्या मुलीचे चिखलाचे कपडे दोन वर्षे ती धुऊन शेजारच्या गच्चीवर वाळत घालीत होती, आणि मला संशयसुद्धा आला नाही. गुप्त गोष्ट शेवटास नेण्याची अशी हातोटी घरात दुसऱ्या कोणाची नाही.

कलम ८. आता मुख्य कलम. दहावा.

दहाव्या दिवशी तलावाच्या काठी पिंड मांडतील. कावळा शिवेपर्यंत मृताची काहीतरी इच्छा राहिली आहे असे मानून जवळची माणसे एकेक वचन देतात, हा आपला रिवाज आहे व मी त्याची थट्टा करीत नाही. परंतु मी जे पाहिले ते लिहितो. माझी थोरली बहीण धोंडूबाई मुलगी असताना होडी अशी हाकीत असे, की खाडीतले मोठमोठे नावाडी तिच्या मागे राहत. आमचे वडील वारले, आणि दहाव्याला कावळा झाडावरून उतरेना. आमच्या चुलत्यांनी चार-दोन वचने देऊन पाहिली आणि मग धोंडूबाईला पुढे ओढले. "बोल, होडीला हात लावनार न्हाय. बापाच्या जिवाला तोच घोर हाय." ती रडत बोलली. कावळा तत्क्षणी पिंडावर आला. सर्वांनी हात जोडले. मी लहान असल्यामुळे माझे डोळे पिंडाच्या उंचीवर होते, म्हणून मला दिसले, की ती बोलत असतानाच चुलत्यांनी पिंडावर सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला होता.

धोंडूबाई त्यानंतर खाडीच्या काठावरच नांदली आणि काठावरच वारली. पलीकडच्या गावी जायचे झाले तरी ती पुलापर्यंत चालत जाई.

म्हणून माझ्या दहाव्याला पुढीलप्रमाणे वागावे. मेघाली आली तर तिला बसायला खुर्ची द्यावी, कारण तिला मांडी घालता येत नाही. तिला कोणी काहीही विचारू नये. रामनाथला पाण्याकडे पाठ करून बसवावे. त्याच्या हाती काठी, खडा किंवा छत्री असू नये. पिंडावर माशाचा कोणताही अंश ठेवू नये. मी माळकरी आहे, तो माझ्या इच्छेचा पुरावा होऊ शकत नाही. कोणी मुलीच्या खेळाचे किंवा लग्नाचे नाव काढले आणि नेमका तेव्हा कावळा आला, तर तो कावळा भुकेला होता असे समजावे. कावळा आलाच नाही, तर शास्त्राने सांगितल्याप्रमाणे दर्भाचा कावळा करून पिंडास लावावा आणि घरी यावे.

येथवर लिहून, 'माझी कोणतीही इच्छा राहिलेली नाही,' असे वाक्य मी घालणार होतो. सीताबाईस वाचून दाखवले. तिने सूप खाली ठेवले. म्हणाली, "खरंच न्हाय? खोटं नका लिवू. देव बघतो, आन कावला बी बघतो."

तेव्हा ते वाक्य मी खोडले आहे.

माझी एक इच्छा आहे. मेघालीला पुन्हा एकदा मैदानात पाहावे. चेंडू मिळण्याच्या आधी ती एक क्षण अगदी स्तब्ध उभी राहते, जणू तिला खेळायचेच नाही, आणि समोरच्या मुली फसतात. त्यानंतर ती जे धावते ते पाहताना मला आजवर कोणाचीही उपमा सुचलेली नाही, आणि मी उपमांवर आयुष्य काढलेला माणूस आहे. ते पुन्हा पाहावे, एवढेच. निरिच्छ व्हा असे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. श्रोत्यांनी क्षमा करावी.

पण हे कलम वाचले, की मेघाली ताडकन उठेल आणि पिंडासमोर म्हणेल, "आजोबा, मी खेळेन." मी तिला ओळखतो. तिचे ते वचनही घेऊ नये. सौ. दिपालीने तिचा हात धरून तिला खाली बसवावे. गुडघा तिचा आहे, दुखतो तिला, रोज सकाळी तो वाकवताना ती ओठ चावते ते मी पाहतो. वर्षाने तिला खेळावेसे वाटले तर तिने खेळावे, आणि नकोसे वाटले तर तेथेच सोडावे. त्यासाठी मेलेल्या आजोबाची परवानगी लागत नाही, जिवंत बापाचीही नाही. माझी इच्छा राहिली तर राहू द्यावी. मी ती बरोबर घेऊन जाईन. वाट लांबची आहे असे सांगतात, सोबत होईल.

हा लेख मी राजीखुशीने लिहिला. दोन्ही साक्षीदारांना तो मी स्वतः वाचून दाखवला, आणि कीर्तनाच्या सवयीने काही भाग दोनदा वाचला. त्यांनी माझी सही होताना पाहिली व माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या. सौ. सीताबाई हिला या लेखाने लाभ होत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकिलांनी कळवले. लग्नाला साक्षीदार चालते आणि मरणाला चालत नाही का, अशी तिची हरकत तिच्या आग्रहावरून येथे नोंदवली आहे.

(सही) केसरीनाथ राघो भोईर

साक्षीदार:
१. (सही) अनंता गोमा तरे, भजनी मंडळ, कामतघर
२. (सही) गुणाबाई पांडुरंग माळी, सेवानिवृत्त व्यायामशिक्षिका, भिवंडी

स्थळ: कामतघर, भिवंडी, जिल्हा ठाणे
चैत्र वद्य पक्ष, शके १९२९. सोमवार, दिनांक ९ एप्रिल २००७